धुरावाचून घर पोचतं का?

जिवंत माणसाच्या नावानं वर काही पाठवायचं नसतं, हे हाय-ब्येतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कळलं नव्हतं ते फक्त ग्योक-लानच्या थोरल्या लेकाला, आणि हा शहाणा वॉर्डप्रमुखाच्या निवडणुकीला उभा होता.

झालं होतं असं. पितरांच्या महिन्यात दारोदारी पत्र्याची पिंपं मांडून त्यात कागदी नोटा जाळायच्या, धूर वर गेला की ज्याचं त्याला पोचतं, ही तिथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. यंदा या थोरल्यानं, बून-हिओंगनं, प्रचारच धुराविरुद्ध काढला. गल्लीत जाळू नका, थैलीत भरून द्या, शहराच्या भट्टीत सगळ्यांचं एकत्र जाळू, तिथल्या धुराला चाळणी आहे. शाळेच्या खांबावर खराब हवेचा लाल झेंडा रोज चढत होता, घराघरात कुणी ना कुणी खोकत होतं. लोकांनी मानलं. त्यानं घरोघर थैल्या वाटल्या. थैलीवर मधोमध, जिथे मेलेल्या माणसाचं नाव घालायचं, नेमकं तिथेच या बहाद्दरानं स्वतःचं नाव छापलं होतं. वर अंगठा दाखवणारा हसरा फोटो. लोकांना वाटलं, नाव छापलेलंच आलंय, तशीच पद्धत असेल. भट्टीनं सगळ्या थैल्या भिक्षूंकडून मंत्र म्हणवून अगदी आदरानं जाळल्या. दुसऱ्या दिवशी देवळातल्या पुजाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की अख्ख्या हाय-ब्येनं आपले पितर उपाशी ठेवून सगळा माल बून-हिओंगच्या नावानं तिकडे रवाना केला आहे.

तेव्हापासून बून-हिओंग रस्त्यातून चालला की बायका पोरांना मागे ओढत. शेवयांच्या गाडीवरचा म्हातारा त्याला सकाळी भेटला तेव्हा नुसतं एवढंच म्हणाला, "अजून आहेस?"

आणि आज त्याच्या बापाचं, थिआम-होकचं, वर्षश्राद्ध होतं.

ग्योक-लान पहाटेपासून कुणाशी धड बोलली नव्हती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या तोंडाला जेवढी धार होती तेवढी स्वयंपाकघरातल्या कुठल्याही सुरीला नव्हती, पण आज तिला एकच घोर लागला होता. आठ दिवसांपूर्वी थिआम-होक तिच्या स्वप्नात आला होता. तोच भोकं पडलेला बनियन, आणि तळ्याच्या बांधावर उकिडवा बसलेला. काही बोलला नाही. पन्नास वर्षं तो बांधावरच्या पत्र्याच्या खोपटात मासे राखत झोपला, कारण ती म्हणायची, आधी दुसरं तळं घेऊ, मग घर बघू. घर झालं तेव्हा त्याला जिना चढवत नव्हता. आता निदान तिकडे तरी त्याला डोक्यावर छप्पर मिळायला हवं होतं, आणि आजच मिळायला हवं होतं. वर्षाच्या दिवशी जे पोचतं ते पोचतं, मग नुसत्या किरकोळ नोटा.

जाळून पाठवायचं कागदी घर अंगणात येऊन उभंही राहिलं होतं. लेकीच्या सासरचं कागदी सामानाचं दुकान. ली-सूनं नवऱ्याला सांगून बापासाठी खास बनवून घेतलेलं, माणसाच्या उंचीचं, दुमजली.

"बघ आई, खिडकी-खिडकीला एसी. दाराशी विजेवरची स्कूटर. आणि गच्चीवर ते निळं दिसतंय ना, ते सौर पॅनल."

"तिकडे ऊन असतं का?"

ली-सूनं पॅनलचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. "सगळे हल्ली हेच मागतात," ती म्हणाली. "आणि हे दोघं नोकर. एक गडी, एक बाई."

ग्योक-लाननं वाकून त्या कागदी बाईकडे पाहिलं. लाल ओठ, बारीक कंबर. "ही काय काम करणार?"

"स्वयंपाक."

"हिला काढ. गडी दोन ठेव."

थोरली सून सिऊ-मेई नैवेद्याचं ताट घेऊन चालली होती, तिला हसू आलं. ताटातला मासा घसरता घसरता राहिला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, दोनशे पोरांचं जेवण करायची, आणि या घरात लग्न होऊन आल्यापासून बत्तीस वर्षांत तिनं मोठ्यानं फारसं काही म्हटलं नव्हतं. ग्योक-लान त्यामुळेच तिला थोडी घाबरून असे.

नैवेद्य मांडून झाला. उदबत्त्या लागल्या. भिंतीवरून थिआम-होक फोटोतून बघत होता, फोटो काढताना कुणीतरी जबरदस्तीनं सदरा घातल्यासारखा. मग सगळे बसले आणि ज्याची भीती होती तो विषय धाकट्यानंच काढला.

बून-तिक शहराच्या त्याच भट्टीत कामाला होता. गाडी घेऊनच आला होता, भट्टीच्या निळ्या गणवेशात. "आई, घर मी नेतो. दुपारी तीनला भट्टी लागते. वेगळी भट्टी आहे, तिच्यात कचरा जात नाही. आधी भट्टी धुऊन घेतात, फुलं वाहतात."

"नको. गल्लीत जाळायचं. मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

"गल्लीत?" बून-हिओंग ताडकन उठला. "आई, मी सगळ्या वॉर्डाला सांगत फिरलोय, धूर बंद, श्वास मोकळा! आणि माझ्याच दारात एवढं धूड पेटवायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक तुला मेलेला म्हणतात. त्याहून वाईट काय म्हणणार आहेत?"

ली-सू आईच्या बाजूनं सरसावली. "आई बरोबर बोलतेय. सगळ्यांनी भट्टीत द्यायचं ठरवलं तर लोक म्हणणार, मग थैलीभर नोटा पुरे, घरंबिरं कशाला. आमच्या दुकानानं मग उदबत्त्या विकायच्या का नुसत्या?"

"बघा, ही बापासाठी बोलतेय की दुकानासाठी?" बून-हिओंग म्हणाला.

"आणि तू बापासाठी बोलतोयस की मतांसाठी?"

"पुरे!" ग्योक-लाननं मांडीवर थाप मारली. "बून-तिक, मला एक सांग. तू मागे सांगत होतास, तुमच्या त्या चिमणीला जाळी आहे म्हणून."

"जाळी नाही आई, कापडाच्या मोठ्या पिशव्या असतात. हजारो. धूर त्यांतून गाळून जातो." आपल्या कामाबद्दल आईनं आपणहून विचारल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता. "केसाहून बारीक कण पण सुटत नाही. काही म्हणजे काही बाहेर जात नाही. चिमणीतून नुसती स्वच्छ हवा."

"काहीच बाहेर जात नाही?"

"काहीच नाही!"

"मग घर कसं जाणार?"

ग्योक-लाननं अंगणातल्या घराकडे बोट दाखवलं.

"एवढासा कण सुटत नाही म्हणतोस, आणि हे दुमजली घर, स्कूटर, दोन गडी, हे सगळं त्यातून पलीकडे जाईल? अडकून बसेल तुझ्या पिशवीत. मग तुम्ही ती पिशवी झटकणार आणि माझ्या नवऱ्याचं घर खड्ड्यात नेऊन पुरणार."

"आई, पिशवी फक्त वाईट तेवढं अडवते."

"वाईट कुठलं नि चांगलं कुठलं, हे पिशवीला कुणी शिकवलं?"

यावर भट्टीच्या प्रशिक्षणात काही सांगितलेलं नव्हतं. बून-तिकनं ताटातलं एक केळं उचललं, ते अजून नैवेद्यातलं आहे हे लक्षात येऊन परत ठेवलं, आणि नाद सोडल्यासारखा म्हणाला, "धूर म्हणजे काही टपालगाडी नाही, आई. घर जळतं तेव्हाच पोचतं. धूर हा नुसता राहिलेला कचरा."

"असं कुठल्या भिक्षूनं सांगितलं?"

"आमच्या सुपरवायझरनं."

ली-सू फसकन हसली. पण हसता हसताच तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. ती बून-तिककडे वळली. "काय रे, तुमच्या भट्टीचं तोंड केवढं मोठं असतं?"

"ट्रक आत जाईल एवढं."

"म्हणजे घर कितीही मोठं चालेल?"

"चालेल की. गल्लीत वायरींना लागतं म्हणून लहान करतात. आमच्याकडे काय!"

ली-सूनं अंगणातल्या घराकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांपुढे तिमजली, चौमजली, बागेसकट घरं उभी राहिली. "आई," ती गोड आवाजात म्हणाली, "मला वाटतं बून-तिक अगदीच चुकीचं बोलत नाहीये."

"झालं! फिरली!" ग्योक-लान कपाळावर हात मारून म्हणाली. "बापाच्या वर्षश्राद्धाला तरी एका जागी उभी राहा गं."

आणि गंमत म्हणजे त्याच वेळी थोरलाही फिरला, पण उलट्या बाजूला. बून-हिओंग खुर्ची ओढून आईच्या अगदी जवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात बोलू लागला. "आई, मी म्हणतो, पहाटे जाळलं तर? उद्या. चारच्या सुमाराला, कुणी उठायच्या आत. नीट बाबांच्या नावानं. आणि त्यातच एक चिठ्ठी टाकायची, की बून-हिओंगच्या नावानं आलेला माल चुकून आलाय, त्याला बोलावू नये."

"अरे वा! धूर बंद, श्वास मोकळा!" ली-सू टाळ्या वाजवून म्हणाली.

"तुला काय जातंय बोलायला? काल माझ्या प्रचाराच्या फलकासमोर कुणीतरी तीन उदबत्त्या लावून गेलं. संत्रीही ठेवली होती!" त्याचा आवाज चिरकला. एवढा पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस, पण घाबरलेला होता, खराखुरा घाबरलेला. "रात्री झोप लागत नाही मला. उजवा खांदा दुखतो."

ग्योक-लानला एकदम त्याची दया आली. याच्यावर ती आठ दिवस डाफरत होती, पण तिच्याही मनात तीच भीती होती. तिकडे ढीगभर माल एखाद्याच्या नावानं येऊन पडलेला, आणि घ्यायला तो येत नाही, म्हटल्यावर तिकडचे कारकून काय करतील? शोधायला माणूस पाठवतील.

"तुझ्या बाबांनी घेतला असेल तो सगळा," ती म्हणाली. "या घरात तुझ्या नावाचं पत्र तुझ्या आधी त्यांनी फोडलं नाही असं कधी झालंय का? लग्नाआधी त्या केशभूषेवालीचं आलेलं पत्रसुद्धा त्यांनीच आधी वाचलं."

सिऊ-मेईनं नवऱ्याकडे वळून पाहिलं. "कुठली केशभूषेवाली?"

"बत्तीस वर्षं झाली त्याला!" बून-हिओंग म्हणाला.

"मी फक्त विचारलं."

बाहेर उन्हात कागदी घराच्या खिडक्या फडफडत होत्या. ग्योक-लान उठली. "ठरलं. मागच्या गल्लीत पिंप काढा. मी स्वतः पेटवते, मला कुणाची मदत नको."

"सासूबाई." सिऊ-मेई बोलली. तिनं ताट खाली ठेवलं होतं आणि हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसत होती. "एक विचारू? बाबा शेवटच्या महिन्यात काय म्हणायचे, आठवतं?"

"काय म्हणायचे? माझ्या नावानं शंख करायचे."

"तुम्ही नसताना. मी पाठ चोळायला बसायचे तेव्हा. म्हणायचे, सिऊ-मेई, मी जाईन तिथे बाकी काही नसलं तरी चालेल, हवा असू दे." तिनं थांबून श्वास घेतला. "तरुणपणी नदीकाठी जुन्या केबली जाळून तांबं काढायचे. सगळी नदी काळी, रात्रंदिवस धूर. त्या तांब्यावर तळं घेतलं, तळ्यावर हे घर. तो धूर त्यांच्या छातीतून शेवटपर्यंत निघाला नाही. आणि आपण त्यांना घर पाठवणार, ते पुन्हा धुरावर बसवून?"

"मग काय गाळून पाठवायचं?" ग्योक-लान म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"हो. एकदा तरी गाळून पाठवू या. आणि खाली उभं राहणाऱ्यांचाही विचार करा. पिंपाशेजारी तुम्ही उभ्या राहणार. मागच्या वर्षी बाबा गेले तेव्हा सलग तीन दिवस उभ्या होतात आणि नंतर महिनाभर खोकत होतात. माझी पोरं शाळेत मास्क लावून जेवतात, सासूबाई. एक घास, मास्क वर. एक घास, मास्क वर."

सिऊ-मेई एवढं बोलली म्हणजे गोष्ट गंभीर होती. बून-तिक जमिनीकडे बघत होता. ली-सूनं डोळे पुसले आणि पुसल्याचा तिला रागही आला.

ग्योक-लान फोटोकडे बघत राहिली. माझ्याजवळ कधी नाही म्हणालास असं, तिच्या मनात आलं. सुनेला सांगितलंस. तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती चिडायची.

"त्यांनाच विचारू," ती म्हणाली. "कौल लावा."

देव्हाऱ्यापुढच्या खणातून लाकडाच्या दोन चंद्रकोरी निघाल्या. एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. टाकल्या की एक सपाट नि एक फुगीर पडली तर होकार. दोन्ही फुगीर तर नकार. दोन्ही सपाट पडल्या तर वरचा माणूस नुसता हसतोय. आणि असल्या मोठ्या गोष्टीला होकार लागोपाठ तीनदा मिळावा लागतो.

मान थोरल्याचा. बून-हिओंग गुडघ्यांवर बसला, चंद्रकोरी कपाळाला लावल्या आणि सुरू झाला. "परमपूज्य बाबा, आपल्या वॉर्डाच्या स्वच्छ हवेसाठी आणि येणाऱ्या पिढ्यांच्या आरोग्यासाठी, शहराच्या आधुनिक भट्टीच्या माध्यमातून..."

टाकल्या. दोन्ही सपाट.

"हसतायत," बून-तिक म्हणाला.

बून-हिओंगनं पुन्हा विचारलं, या खेपेला येणाऱ्या पिढ्या गाळून. दोन्ही सपाट.

"उठ तू," ग्योक-लान म्हणाली. "तू बोललास की त्यांना जिवंतपणीही हसू यायचं. आणि तुझं आता नक्की कुठल्या बाजूला नाव आहे कोण जाणे. आण इकडे."

ती हळूहळू खाली बसली, गुडघे कुरकुरले. तिनं भाषण केलं नाही. "ऐकलं का, मी बोलतेय. घर तयार आहे. धाकटा त्याच्या भट्टीतून पाठवतो म्हणतो, धूर न करता. चालेल का?"

टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. ली-सूनं तोंडावर हात ठेवला.

"पुन्हा सांगते. गल्लीत नाही, भट्टीत. चालेल?"

एक सपाट, एक फुगीर. बून-तिक तर पुटपुटायला लागला, "बाबा, बाबा, अजून एकदाच."

तिसऱ्यांदा चंद्रकोरी हातातून सुटल्या. एक तिथल्या तिथे पडली, फुगीर अंग वर. दुसरी फरशीवर टणकन उडाली, गोल फिरली आणि देव्हाऱ्याच्या टेबलाखाली पार मागे भिंतीशी गेली. टेबलाला जमिनीपर्यंत लाल झालर होती. कुणालाच काही दिसेना.

"मी बघतो," बून-हिओंग पुढे झाला.

"कुणी हात लावायचा नाही! मी टाकली, मीच बघणार."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पोटावर आडवी झाली, झालर उचलली आणि खांद्यापर्यंत टेबलाखाली शिरली. बाहेर नुसते तिचे पाय राहिले. आत अंधुक होतं, जुन्या उदबत्त्यांच्या राखेचा वास होता. डोळे जरा सरावले तशी तिला ती दिसली. भिंतीला टेकून पडलेली, पाठ वर करून. फुगीर.

नकार. अगदी स्वच्छ, सरळ नकार. तिच्या मनासारखा कौल होता. गल्लीत जाळ म्हणत होता तो, जसं तीच सकाळपासून म्हणत होती. उठून एवढंच सांगायचं होतं.

ती तशीच पडून राहिली. नाही म्हणतोस होय, ती मनात म्हणाली. त्रेपन्न वर्षं याच्या नकाराची तिनं कधी फिकीर केली नव्हती. तळं नको म्हणाला, तिनं घेतलं. ली-सूला त्या दुकानदाराला द्यायची नाही म्हणाला, तिनं दिली. एकदाच तिनं त्याचं ऐकलं होतं. पहिल्यांदा खोकल्यातून रक्त आलं तेव्हा तो म्हणाला, डॉक्टरकडे जायचं नाही. माशांचा हंगाम आहे, काही होत नाही, नको म्हटलं ना. आणि ती, सगळ्या गावाला धारेवर धरणारी बाई, तेव्हा बरं म्हणाली. दोन वर्षं बरं म्हणत राहिली.

"आई, काय पडलंय?" बाहेरून बून-तिकचा आवाज आला. "आई?"

ग्योक-लाननं हात लांब करून चंद्रकोर मुठीत घट्ट धरली. आता नाही ऐकणार तुझं, ती म्हणाली, मनातल्या मनात, पण असं की त्याला ऐकू जावं.

"सपाट!" ती टेबलाखालून ओरडली. "हो म्हणतायत! ओढा मला बाहेर, आणि गाडी काढा."